छत्तीस हवा

सुट्टीत गाडी काढून अकराशे किलोमीटर जाऊन यायचं ठरलं आणि घरात पहिला वाद झाला तो निघायच्या वेळेवरून. नवऱ्याचं म्हणणं, सुट्टी आहे, सावकाश आवरून नऊ-दहाला निघू. आईचं म्हणणं, "नऊ-दहालाच निघायचं असेल तर मग मला नेऊ नका. ऊन डोक्यावर घेऊन गाडी चालवतात का कुणी?" आई सत्तर वर्षांची. स्टिअरिंगला तिने कधी हात लावलेला नाही, पण शेजारच्या सीटवर बसून चाळीस वर्षं गाडी चालवली आहे. शेवटी पहाटे पाचवर तोड निघाली.

डोंगर सुंदर होता, तळं सुंदर होतं, त्याचे फोटो आहेत. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. ही नोंद रस्त्याची आहे. चार-पाच दिवसांत दोनदा पोटात गोळा आला, आणि एकदाही आमची चूक त्या क्षणाची नव्हती. ती कधीतरी आदल्या दिवशी, नाहीतर आदल्या दुपारी होऊन गेलेली होती.

आदला दिवस

टायरची हवा सकाळी उठल्या उठल्या मोजली. टायर गार असतानाच ती खरी कळते, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे. मुलीने चालकाच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचून दाखवलं: कमी माणसं असतील तर ३३, पूर्ण भरलेली गाडी असेल तर ३६. आम्ही चौघं, शिवाय डिकी ठासून भरलेली. म्हणून ३६. टायरच्या अंगावर जो मोठा आकडा छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नव्हे. माझ्या ओळखीतली निम्मी माणसं तोच बघून हवा भरतात.

मग टायरचं वय. कडेला छापलेल्या लांबलचक मजकुरात शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला हे गुप्त लिपीसारखं वाटलं आणि तिने चारही टायरांचे वाढदिवस वहीत लिहून घेतले. चारही तीन वर्षांच्या आतले. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, टायर झिजत झिजत तिथवर आला की खोली १.६ मिलिमीटर उरते आणि टायर बाद होतो. आमचे त्याच्या बरेच वर होते.

"आणि स्टेपनी?" मुलीने विचारलं. स्टेपनी डिकीच्या तळाशी, तिच्यावर बॅगा रचून झालेल्या. "ती कधी वापरलीच नाही, नवीकोरी आहे," नवरा म्हणाला. मीही मान डोलावली. गाडी आम्ही सेकंडहँड घेतलेली आहे, हे दोघांनाही त्या वेळी आठवलं नाही.

कूलंटची पातळी बघितली. समोरची काच आतून पुसली. उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ काचेवर आतून धुरकट थर धरते. एरवी तो दिसत नाही, सूर्य समोर आला की अख्खी काच दुधाळ होते.

पहिला दिवस

पाचला नाही, सव्वापाचला निघालो. तासभर रस्ता आमचाच होता.

आमचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सूर्य उगवला तो थेट डोळ्यांत. काच पुसलेली, डोळ्यांवर गॉगल, वरची झडप खाली, तरी काही ठिकाणी पुढचा ट्रक म्हणजे नुसता काळा ठिपका. मी वेग कमी केला, अंतर वाढवलं, हेडलाइट लावले. सूर्य माझ्या डोळ्यांत होता म्हणजे माझ्या मागून येणाऱ्याच्याही डोळ्यांत होता, त्याला मी किती दिसत असेन हा प्रश्नच होता. अर्ध्या-पाऊण तासाचा खेळ असतो हा. थांबून पाय मोकळे करायला याहून चांगला मुहूर्त नाही, पण आम्ही आत्ताच तर निघालो होतो, म्हणून थांबलो नाही.

अकरापर्यंत तीनशे किलोमीटर झाले. ठरलेलं असं की अकरा ते चार गाडी सावलीत आणि आपणही सावलीत. पण मुक्काम आता फक्त नव्वद किलोमीटरवर होता. "तिथेच जाऊन आडवं होऊ की," मी म्हणाले. चालवत मी होते, त्यामुळे कुणी फार विरोध केला नाही. वाटेत जेवायला थांबलो, तिथे दीड तास गेला, आणि जड पोटाने दीडच्या सुमारास मी पुन्हा स्टिअरिंगमागे बसले.

पुढचं नीट आठवत नाही, हेच त्यातलं सांगण्यासारखं. सरळ रस्ता, एसीचा एकसुरी आवाज, मागे आई आणि मुलगी झोपलेल्या, शेजारी नवराही पेंगलेला. मग एकदम खालून खर्रर्र असा आवाज आला आणि हातात स्टिअरिंग थरथरलं. रस्त्याच्या कडेला ज्या खडबडीत पट्ट्या कोरलेल्या असतात, त्यांवरून चाकं गेली होती. मी झोपले नव्हते, असं मी नवऱ्याला शपथेवर सांगितलं. तो म्हणाला, "मग आधीचं वळण कसं होतं, सांग." मला सांगता आलं नाही.

अशी डुलकी तीन-चार सेकंदांची असते आणि डोळे अर्धवट उघडेही असू शकतात. ताशी शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. चार सेकंद म्हणजे ११० मीटर, आणि तेवढं अंतर गाडीत चालक नव्हता.

संध्याकाळी मी बसून शोधलं की आपण नेमकं काय काय केलं. दुपारी दोन ते चार शरीर आपोआपच मंदावतं, रात्री पुरेशी झोप झालेली असली तरी. माझी तर चार तासच झाली होती. जड जेवण झालेलं. एसी तासन् तास आतलीच हवा फिरवण्यावर ठेवलेला, म्हणजे चार माणसांचा उच्छ्वास त्याच डब्यात साठत होता. त्यानेही सुस्ती येते, मधून मधून बाहेरची हवा आत घ्यायला हवी. आणि पाणी. सकाळपासून मी दोन घोट प्यायले होते, कारण प्यायलं की थांबावं लागतं. आईचंही तेच. तिला म्हातारपणामुळे तहानच कमी लागते, आणि "माझ्यासाठी गाडी कशाला थांबवायची" हा संकोच वेगळा.

२०१५ साली ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात मोजक्या चालकांवर एक प्रयोग झाला होता. दोन तास सिम्युलेटरवर गाडी चालवायची, एकदा पुरेसं पाणी पिऊन, एकदा ताशी घोटभरच पिऊन. पहिल्या वेळी सगळ्यांच्या मिळून ४७ चुका झाल्या, दुसऱ्या वेळी १०१. माणसं फार थोडी होती, त्यामुळे या आकड्यांवर मी घर बांधणार नाही. पण लेन सोडणं, ब्रेक उशिरा दाबणं अशा ज्या चुका त्यात मोजल्या होत्या, त्यांतली एक मी दुपारीच करून आले होते.

त्या वेळी मात्र गाडी पुढच्या थांब्यावर घेतली. एक कॉफी, मग आतल्या बाकावर वीस मिनिटं झोप. कॉफी आधी आणि झोप नंतर, कारण कॉफीचा असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. उठेपर्यंत ती कामाला लागलेली असते. मुलगी म्हणाली, "मी गाडीतच बसते, पुस्तक वाचते." नाही. बंद गाडी उन्हात उभी असेल तर तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण वीस अंशांनी वर जातं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर उघडी ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही. लहान मूल मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. अकरा वर्षांचीला हे सांगून पटतं, ती उतरली. दोन वर्षांच्या मुलाला स्वतःहून उतरता येत नाही.

परत आलो तर सीटबेल्टचं बक्कल इतकं तापलेलं की आईने ते पदराने धरलं. मागच्या सीटवरची माणसं बेल्ट लावत नाहीत त्याचं उन्हाळ्यात हे एक खास कारण असतं. पुढच्या दिवसापासून उतरताना बक्कलावर टॉवेल टाकायला लागलो.

दुसरा दिवस

या दिवशी ठरल्याप्रमाणे वागलो. पाचला निघालो, दर दोन तासांनी थांबलो, बाटलीतून मोजून पाणी. तरी उद्याच्या नि परवाच्या घोळाचं बी याच दिवशी पेरलं गेलं.

अकराला पेट्रोल भरायला थांबलो. पंपावर हवा बघणारा पोरगा म्हणाला, "चाळीसच्या वर दाखवतोय साहेब, उन्हात फुटेल. कमी करतो." मी पैसे देत होते. नवरा म्हणाला, "कर." त्याने चारही टायर ३३ वर आणले. हेतू दोघांचाही चांगला.

पण चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढणारच. गाडी बनवणाऱ्याने ३६ आकडा देताना ती वाढ गृहीत धरलेली असते. तापलेल्या टायरमधली हवा काढून ३३ केली, तर टायर गार झाल्यावर ती तीसच्याही खाली जाते. आणि उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुधा जास्त हवेने नाही, कमी हवेने. कमी हवेचा टायर बसका होतो, प्रत्येक फेऱ्याला त्याच्या कडा दुमडतात आणि उलगडतात, त्या घासाघाशीने रबर आतून तापतं. वर भरलेली गाडी, वर वेग, खाली भाजणारा रस्ता. फुटतो तेव्हा लोक उन्हाला दोष देतात.

हे मला माहीत होतं. नवऱ्याने हवा काढून घेतली, हे माहीत नव्हतं.

त्याच पट्ट्यात एक गाडी कडेला उभी दिसली, बॉनेट उघडं, वाफ. एक गृहस्थ हातात फडकं गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे चाललेले. मी काच खाली करून जवळजवळ ओरडलेच. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते शंभर अंशांना उकळत नाही, एकशेवीसच्या आसपास जाईपर्यंत पाणीच राहतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. त्यांच्या बरोबरच्या माणसांना गाडीपासून लांब, झाडाखाली बसवलं, मागे त्रिकोण उभा केला, निदान अर्धा तास कशालाही हात लावू नका असं सांगितलं. त्यांच्याकडे पिण्याचं पाणी उरलेलं नव्हतं, सगळं इंजिनावर ओतायला काढलेलं. आमच्यातलं दिलं.

दुपारचे पाच तास सावलीत काढले. चारनंतर निघालो तरी रस्ता अजून तापलेलाच होता. लांबवर पाणी साचल्यासारखं चमकत होतं आणि जवळ गेलं की पुढे सरकत होतं. मुलीला मृगजळ आवडलं. मला नाही. रस्त्यालगतची तापलेली हवा प्रकाश वाकवते, आणि त्या थरथरत्या पट्ट्यात समोरून येणारी मोटारसायकल चक्क विरघळून जाते. दोन पदरी रस्ता होता. नवरा चालवत होता, पुढे एक संथ ट्रक. "रिकामाच आहे रस्ता," तो म्हणाला. "चकाकतोय तिथे काय आहे ते दिसतंय का?" मी विचारलं. नव्हतं दिसत. तो मागे राहिला. दहा-बारा सेकंदांनी त्या चकाकीतून एक बस बाहेर आली.

काही ठिकाणी डांबर पाझरून वर आलं होतं, काळं, ओलसर, तुळतुळीत. त्यावर ब्रेक आणि वळण दोन्ही हलक्या हाताने.

साडेपाचला क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहिली. धुळीचं वादळ. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात अशी वादळं नेहमीची, आणि तिथल्या रस्ते खात्याचा सल्ला मला पाठ आहे: डांबरी रस्ता पूर्ण सोडून बाहेर थांबा, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि पायाच्या ब्रेकवरून पाय काढा. दिवे बंद करणं मनाला पटत नाही. पण धुळीत मागून येणारा पुढचे लाल दिवे बघत रस्ता शोधतो. तुमचे दिवे लागलेले असले तर तो समजतो की रस्ता तिथे आहे, आणि येऊन आदळतो. नवऱ्याने सवयीने इशाऱ्याचे दिवे लावले, मी ते बंद केले. आठ-नऊ मिनिटं आम्ही काहीही न दिसता बसलो. आजीने नातीला म्हटलं, "बेल्ट सोडू नकोस हं."

सगळं शिस्तीत झालं, फक्त रस्ता सोडून खाली उतरताना मागचं एक चाक डांबराच्या तुटक्या कडेवरून जोरात आदळलं. उतरून बघितलं, टायर ठीक दिसला. बसक्या टायरला अशी धडक किती बोचते, ते वरून दिसत नाही.

तिसरा दिवस

मुक्काम डोंगराच्या पायथ्याजवळ, पहाट चांगलीच गार. हवा मोजली: २७. दुसरा, २७. तिसरा, २७. काटाच बिघडला असं वाटलं. मग नवऱ्याने पंपावरची गोष्ट सांगितली. मी काही बोलले नाही, आई बोलली. डिकीतला छोटा कॉम्प्रेसर काढून चारही टायर ३६ केले, त्यात अर्धा तास गेला.

घाट चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर सरकायला लागला. एसी बंद, काचा खाली, आणि हीटर पूर्ण चालू. "या उन्हात हीटर?" आईचा माझ्या डोक्यावरचा विश्वास उडाला. पण हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो, तो म्हणजे एक जास्तीचा छोटा रेडिएटर. घामाघूम झालो, काटा खाली आला. पहिल्या मोकळ्या जागी थांबून इंजिन गार होऊ दिलं.

वरचा दिवस मजेत गेला.

संध्याकाळी पलीकडच्या बाजूने उतरताना मी चालवत होते. लांब उतार, वळणामागून वळण. पुढच्या गाडीचे लाल दिवे सतत लागलेले, आणि थोड्या वेळाने करपल्याचा वास आमच्या गाडीत आला. अख्खा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक इतके तापतात की धरेनासे होतात. शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-४ प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तीच हमी १५५ अंशांवर येते. उकळलं की नळीत वाफ होते, आणि पाय दाबला तर पेडल मऊ, थेट खाली. म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी कमी चालली असली तरी. चढताना जो गिअर लागला तोच उतरताना, हा जुना हिशेब अजूनही चोख आहे. मी दुसऱ्यात होते, इंजिन घोंघावत गाडी धरून ठेवत होतं, ब्रेक फक्त वळणाआधी. त्या गाडीपासून मी मुद्दाम लांब राहिले.

एका वळणावर मागून पाण्याची बाटली घरंगळत माझ्या पायांपाशी आली. नवऱ्याने वाकून झडप घातली. अर्धा लिटरची साधी बाटली, पण ती ब्रेकच्या पेडलखाली अडकली असती तर ब्रेक दाबलाच गेला नसता. इतकं पाणी प्या, पाणी प्या म्हणून बाटल्या भरल्या होत्या, त्यांची सोय बघितली नव्हती. तेव्हापासून बाटल्या दारांच्या कप्प्यांत.

उतार संपता संपता वळिवाचे चार थेंब पडले. महिनोन् महिने रस्त्यावर साचलेलं तेल, रबर आणि धूळ यांवर पहिलं पाणी पडलं की त्याचा निसरडा थर होतो. पाऊस जोरात पडला तर तो धुऊन जातो. चार थेंबांत जात नाही. वीसच्या वेगाने मुक्कामी पोहोचलो.

चौथा दिवस

सपाट रस्ता, सकाळचे दहा, ऐंशीचा वेग. सीटखालून अगदी बारीक धप् धप् असं जाणवायला लागलं. कान देऊन ऐकावं लागत होतं. नवरा म्हणाला रस्ताच तसा असेल. समोर रस्ता आरशासारखा गुळगुळीत होता.

हळू हळू वेग कमी करत कडेला घेतली. टायर खरोखरच फुटला असता तरी हेच करायचं होतं: ब्रेकवर उडी मारायची नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय हळू काढायचा आणि गाडीला आपलीआपण मंद होऊ द्यायचं. मागच्या डाव्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगवटा आला होता. आतले धागे तुटले की हवा तिथून बाहेर ढकलते. तो तुकडा आणखी किती किलोमीटर टिकला असता, कुणास ठाऊक.

आई आणि मुलीला रस्त्यापासून लांब, कठड्यापलीकडे उभं केलं. बॅगा उतरवल्या, स्टेपनी काढली. मुलीला राहवेना, तिने लांबूनच ओरडून विचारलं, "वाढदिवस काय आहे तिचा?"

३११४. म्हणजे २०१४ सालचा ३१वा आठवडा. खाचा खोल, रबराला सगळीकडे बारीक चिरा. हवा १८. न वापरलेला टायरही म्हातारा होतो. दहा वर्षं म्हणजे तर फारच झाली. कॉम्प्रेसरने हवा भरली, बसवली, आणि बारा किलोमीटर चाळीसच्या वेगाने, इशाऱ्याचे दिवे लावून, मागच्या प्रत्येकाच्या शिव्या खात टायरच्या दुकानापर्यंत गेलो.

दुकानदाराने फुगलेला टायर रिमवरून काढला, आत हात फिरवला आणि तळवा माझ्यासमोर धरला. काळी भुकटी. "कमी हवेवर पळवलाय," तो म्हणाला. "कडा आतून झिजल्यात. शिवाय कुठेतरी आपटलाय." दोन दिवस आधीची दुपार त्याने तळहातावर वाचून दाखवली. दोन नवे टायर घेतले, एक स्टेपनीसाठी.

या भानगडीत दुपार गेली. घर साडेतीन तासांवर. नवरा म्हणाला, "रात्री गार असतं, निघूया का? बाराला पोहोचू." एरवी मी हो म्हटलं असतं. मग मी दिवसभरात कोण किती दमलंय ते मोजलं. उन्हात उभं राहून जॅक फिरवलेला तो, चार दिवसांत एकही झोप धड न झालेली मी. तिथेच राहिलो.

पाचवी सकाळ

पहाटे पावणेपाच. मुलगी हवेचा काटा घेऊन गाडीभोवती फिरत होती आणि मी डिकी उघडी ठेवून उभी होते, बॅगा अजून बाहेर.

"छत्तीस. छत्तीस. छत्तीस. चौतीस." मग डिकीत वाकून, "स्टेपनी छत्तीस."

आई मागच्या सीटवर बेल्ट लावून, मांडीवर बाटली घेऊन बसली होती. आतून म्हणाली, "त्या चौतीसवालीत भरा आधी. मी थांबते."